गडाखालचे पाणी

राजस्थानातून परतलेल्या माणसास काय पाहिले असे विचारावे, तर तो बहुधा गडकोटांची आणि राजवाड्यांची नावे सांगू लागतो. कोणता गड किती उंच, कोणत्या महालात किती आरसे, कोणत्या राजाची तलवार किती वजनाची, हे सारे त्यास मुखोद्गत झालेले असते. त्यात वावगे काही नाही. त्या वास्तू पाहण्याजोग्याच आहेत. परंतु गतवर्षी माघ महिन्यात मारवाड आणि जैसलमेर या दोन प्रांतांत पंधरवडाभर हिंडल्यावर माझे मत असे झाले की, तिकडचा गड वरून खाली न पाहता खालून वर पाहावा. आधी त्याच्या पायथ्याचे पाणी पाहावे, ते कोणी अडवले, कोठून आणले, कोणाच्या घागरीत गेले याची चौकशी करावी. आणि मग सवड उरली तर आरसे मोजावे.

हे मत माझ्यासारख्याच्या मनात यावे याला कारण आहे. मी गोमंतकातील अंत्रुज महालातला. आमच्याकडे वर्षास शंभर-सव्वाशे इंच पाऊस कोसळतो. पाणी ही वस्तू आम्हांस फुकट मिळालेली, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची जी गत होते ती आमच्याकडे पाण्याची झालेली आहे. जैसलमेरकडे सात-आठ इंच पाऊस झाला तर वर्ष चांगले म्हणतात, आणि तसे वर्ष दरसाल येतेच असे नाही. प्रवासात बरोबर आमची सौभाग्यवती, धाकटी बहीण आणि तिचे यजमान, असे आम्ही चौघे होतो. मेहुणे ग्वाल्हेरचे, इतिहासाचे सेवानिवृत्त अध्यापक. त्यांच्यामुळे प्रवासास सनावळीची जोड मिळाली, आणि क्वचित तिचा जाचही झाला.

जोधपूरच्या मेहरानगडाची कथाच मुळी पाण्याच्या शापापासून सुरू होते. राव जोधाने १४५९ साली मंडोरची जुनी राजधानी सोडून त्या उंच खडकावर गड बांधावयास घेतला, तेव्हा तेथे चिडियानाथ नावाचा एक योगी राहत होता. त्याला उठवले. रागावलेला योगी धुनीचे निखारे झोळीत घालून चालता झाला, आणि जाताना म्हणाला की तुझ्या गडाला पाण्याचे दुर्भिक्ष पडेल. राजाने मागाहून त्याची मनधरणी केली, त्याच्या स्थानी देऊळ आणि कुंड बांधून दिले; पण दर तीन-चार वर्षांनी पडणारा दुष्काळ त्या शापाचाच अवशेष, असे लोक आजही सांगतात. गडाच्या पायात राजाराम मेघवाल नावाच्या माणसाने स्वतःस जिवंत पुरून घेतले, अशीही परंपरा आहे. त्याच्या नावाची शिळा गडावर आहे. त्याने हे स्वखुशीने केले म्हणतात. राजाज्ञेपुढे उभ्या असलेल्या गरीब माणसाची खुशी कोणत्या मापाने मोजावी, हे मला कळले नाही.

शापाला उत्तर म्हणून म्हणा, वा गृहिणीच्या सहज शहाणपणाने म्हणा, जोधाची राणी जसमादे हाडी हिने गडाच्या कुशीत राणीसर तलाव बांधविला. त्याला लागून पद्मसर. भोवतालच्या उघड्या खडकावर पडलेला पाऊस चरांवाटे या तळ्यांत उतरवलेला आहे. गडाच्या सज्जातून खाली पाहिले तर निळ्या घरांच्या दाटीशेजारी ही दोन हिरवी तळी दिसतात. शेजारी उभे असलेले शंभर लोक निळ्या घरांची छायाचित्रे काढीत होते. तळ्यांकडे कोणी बोट दाखवीत नव्हते.

शहरात खाली ‘तूरजी का झालरा’ नावाची एक बारव आहे. झालरा म्हणजे चौफेर पायऱ्यांची बारव. तांबूस दगडाच्या त्या पायऱ्यांची नक्षी इतकी नेमकी की वरून पाहताना कोणी रांगोळीच काढली असे वाटावे. ही बारव महाराजा अभयसिंहाच्या राणीने १७४० नंतरच्या दशकात बांधविली. पुढे गाळाने व केराने ती बुजून गेली होती. अलीकडे ती उपसून स्वच्छ केली आहे. या अभयसिंहाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. बडोद्याच्या वाचकांस तर ते विसरता येणार नाही. कारण गुजरातच्या सुभेदारीवर असताना १७३२ साली डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा घात त्यानेच करविला.

पण त्याच्या कारकिर्दीतील जी गोष्ट मारवाडात आज घरोघर सांगतात ती त्याआधी दोन वर्षांची आहे. जोधपूरपासून सुमारे सात कोसांवर खेजडली हे गाव. ते बिष्णोई लोकांचे. जांभोजी महाराजांनी १४८५ साली स्थापिलेल्या या पंथाचे नियम एकोणतीस, आणि हिरवे झाड तोडू नये हा त्यांतला एक. १७३० साली महाराजास नवा महाल बांधावयाचा होता. महालास चुना हवा, चुन्याच्या भट्टीस लाकूड हवे, म्हणून दरबारची माणसे कुऱ्हाडी घेऊन या गावी आली. गावात खेजडीची दाट झाडी होती. खेजडी म्हणजे आपली शमी. गणपतीला आपण जिची पत्री वाहतो तीच. अमृतादेवी नावाच्या बाईने झाडास मिठी मारली. तिचे शिर उडविले गेले. तिच्यामागून तिच्या तीन मुली पुढे झाल्या. मग आसपासच्या गावांतून माणसे येत राहिली, एकेक झाडास कवटाळीत राहिली आणि मरत राहिली. एकूण ३६३. राजास हे कळले तेव्हा त्याने कुऱ्हाडी थांबविल्या आणि बिष्णोई गावांत हिरवे झाड तोडण्यास मनाई केली.

आम्ही गेलो तेव्हा तेथे चिटपाखरू नव्हते. स्मारक आहे, देऊळ आहे, झाडी आहे. सौ.ने वाकून शमीची गळालेली चार पाने उचलली आणि पदराच्या गाठीस बांधली. मेहुणे एकदम म्हणाले, “भाऊसाहेब, राजा त्याच वेळी चुना जाळण्यासाठी माणसे मारतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याची राणी लोकांसाठी बारव खोदते. इतिहासाच्या परीक्षेत हे दोन प्रश्न एकत्र कधी विचारले जात नाहीत.” ते निवृत्त झाले नसते तर त्यांनी ते नक्की विचारले असते.

जोधपूरचा उमेदभवन राजवाडा आम्ही बाहेरून आणि त्यातले संग्रहालय आतून पाहिले. ३४७ खोल्यांचा तो अवाढव्य वाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला गेला, आणि दुष्काळात लोकांना काम मिळावे हा त्यामागील हेतू होता, असे तेथे अभिमानाने सांगतात. हजारो हातांना काम मिळाले हे खरे. भुकेल्या माणसाला खोदकाम द्यायचेच, तर वाड्याच्या पायापेक्षा तळ्याचा पाया खोदवून घेणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय, असे मनात आले. पण न्यायाने सांगितले पाहिजे की, जवाई नदीवरील मोठ्या धरणाचे काम १९४६ साली याच महाराजा उमेदसिंहांनी सुरू करविले.

नागोरला जाण्याचा हट्ट मेहुण्यांचा. ग्वाल्हेरच्या माणसास नागोर म्हणजे काय, हे इतरांस सांगून कळत नाही. अभयसिंहाचा मुलगा रामसिंह आणि पुतण्या बिजयसिंह यांचे गादीवरून भांडण लागले. रामसिंहाने मराठ्यांना बोलाविले. जयाप्पा शिंदे फौज घेऊन आले आणि बिजयसिंह नागोरच्या कोटात जाऊन बसला. वेढा वर्षाहून अधिक चालला. त्या वेढ्यातच, १७५५ च्या जुलै महिन्यात, ताऊसरच्या छावणीत जयाप्पांचा दगा करून खून झाला. पुढे दत्ताजी शिंद्यांनी वेढा नेटाने चालविला आणि दुसऱ्या वर्षी तह झाला. हेच दत्ताजी त्यानंतर चार वर्षांनी बुराडी घाटावर पडले. ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे. मेहुण्यांनी पादत्राणे काढून तिला प्रदक्षिणा घातली, बहिणीने हळदकुंकू वाहिले; ग्वाल्हेरहून आणलेला एक नारळ होता, तो फोडला.

नंतर आम्ही कोटात गेलो. नागोरचा कोट डोंगरावर नाही. सपाट जमिनीवर आहे, आणि आत शिरताच आश्चर्य वाटते ते असे की त्या रखरखीत भूमीत राजवाडे चक्क पाण्याभोवती रचलेले आहेत. हौद, पाट, कारंजी, ओलाव्याने थंड राहणारी दालने. पावसाचा थेंबन्‌थेंब धरून तो एका हौदातून दुसऱ्यात खेळविण्याची योजना होती. तिचा बराच भाग आता दुरुस्त करून पुन्हा चालता केला आहे. तेथल्या एका वृद्ध राखणदाराने आमचे बोलणे ऐकून विचारले, “आपण दक्षिणी?” होय म्हटल्यावर तो नम्रपणेच म्हणाला, “आपल्या लोकांनी हा कोट वर्षभर कोंडला होता. बाहेर आपली छावणी, आत आमचे लोक. पाणी दोघांनाही लागत होते.” मेहुण्यांनी यावर काही उत्तर दिले नाही. सकाळी ज्या छत्रीस आम्ही नारळ फोडला, तिच्याकडे पाहण्याची दुसरीही एक बाजू त्या प्रांतात आहे, आणि ती बाजू सांगणारा माणूस आम्हांस कोटाची कारंजी प्रेमाने दाखवीत होता.

येथून पश्चिमेकडे जसजसे जावे तसतशी झाडे खुजी होतात आणि पाण्याचे शब्द वाढतात. हे मला फार मौजेचे वाटले. आम्ही पाण्याला पाणी म्हणतो आणि थांबतो. तिकडे पावसाचे थेट साठविलेले पाणी ते ‘पालर’; अतिखोल विहिरीतले, बहुधा खारे, ते ‘पाताल’; आणि या दोहोंच्या मधले, वाळूत मुरून खाली खडियाच्या थरावर अडून राहिलेले ओलाव्यासारखे पाणी, ते ‘रेजाणी’. हे रेजाणी मिळविण्यासाठी एक माणूस जेमतेम मावेल इतकी अरुंद विहीर खणतात. तिला कुई किंवा बेरी म्हणतात. दिवसभरात तिच्यात दोन-चार घागरी पाणी पाझरते, तेवढेच काढायचे आणि तोंडावर झाकण घालायचे. तळ्यात ज्या जमिनीवरून पाणी वाहत येते तिला ‘आगोर’ म्हणतात. आगोरात पायताण घालून जाऊ नये, गुरे बसवू नयेत, घाण करू नये, असा जुना दंडक. आपण देवळाच्या पायरीशी वहाणा काढतो; ते पाण्याच्या वाटेवर काढीत.

जैसलमेरचा पिवळा गड दुरून प्रथम दिसला तेव्हा सूर्य मावळतीस होता, आणि त्या देखाव्याचे वर्णन मी करीत नाही; ते पुष्कळांनी केलेले आहे. रावळ जैसलाने ११५६ साली वसविलेला हा गड, नव्याण्णव बुरुजांचा. त्याचे खरे वैशिष्ट्य असे की तो अद्याप राहता आहे. आत दोन-तीन हजार माणसांची वस्ती, गल्ल्या, दुकाने, जैनांची अप्रतिम मंदिरे आणि लक्ष्मीनाथाचे देऊळ. राज्य लक्ष्मीनाथाचे आणि महारावळ हे त्याचे दिवाण, अशी येथली परंपरा. काकडआरतीला आम्ही चौघे गेलो. घरून निघाल्यापासून इतक्या गाभाऱ्यांसमोर उभा राहिलो होतो, पण तीर्थ देताना पुजाऱ्याने पळीभर पाणी ज्या काळजीने हातावर ठेवले, तशी काळजी मी पूर्वी पाहिली नव्हती. एक थेंब खाली सांडला नाही.

गडाखाली गडसीसर तलाव. गावात नळ येईपर्यंत साऱ्या जैसलमेरचे जीवन त्यावर अवलंबून होते. चौदाव्या शतकात महारावळ गडसी याने तो बांधावयास घेतला, आणि काम चालू असता तळ्याच्या पाळेवरच त्याचा खून झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे राणीने सती जावयाचे. पण राणी विमला सती गेली नाही. तिने आधी तळे पुरे केले, असे सांगतात. राजपुतान्यातील जोहारांच्या कथा ऐकून अंगावर काटा येतो, आणि त्या कथा सांगणारे पुष्कळ आहेत. न जळता मागे राहिलेल्या, पाळेवर उभे राहून मजुरांकडून गाळ काढविणाऱ्या या विधवेची कथा मात्र मला कोणत्याही वाटाड्याने आपणहून सांगितली नाही. माझ्या मते ती त्या सर्व कथांच्या पंक्तीत पहिली बसावी.

तळ्याच्या तोंडाशी एक देखणी वेस आहे. टीलों नावाच्या नर्तकीने ती बांधविली. नर्तकीने बांधलेल्या वेशीखालून राणीवशाने पाण्यास जावे हे दरबारास रुचेना, तेव्हा तिने वेशीवर देऊळ बांधून टाकले. देवाला कोण पाडणार? वेस उभी राहिली. आमच्या बहिणीस ही गोष्ट इतकी आवडली की तिने ती दुसऱ्यांदा सांगावयास लावली.

आता गडसीसरात बाराही महिने पाणी असते, कारण ते कालव्याचे असते. हरिके येथे सतलज आणि बियास यांच्या संगमाखालून निघालेला हा राजस्थान कालवा १९५८ साली सुरू झाला, १९८४ पासून तो इंदिरा गांधींच्या नावाने ओळखला जातो, आणि जैसलमेर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. बायकांच्या डोक्यावरचा कोसाकोसांचा हंडा त्याने उतरविला, हे पुण्य लहान नाही. पण गडाची कथा ऐकण्यासारखी आहे. पाणी जोवर गडसीसरातून डोईवर चढत होते, तोवर गडावर ते तांब्यातांब्याने वापरले जाई. नळ आले, पाहुण्यांसाठी घरोघर स्नानगृहे झाली, आणि सांडपाणी जुन्या गटारांतून त्या मऊ दगडाच्या टेकडीत झिरपू लागले. शत्रूला जे शतके साधले नाही ते सांडपाण्याने साधले. काही बुरुज ढासळले. गटारांची डागडुजी झाली आहे, अजून चालूही असते. जोधपुरातही कालव्याचे पाणी आल्यावर जुनी तळी-विहिरी वापरातून गेल्या, आणि जमिनीखालचे पाणी चढून तळघरांत शिरू लागले. चिडियानाथाने असा उलटा शाप काही दिलेला नव्हता.

जैसलमेरपासून दहा-अकरा मैलांवर कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे सोडलेले गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाने त्यांची चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठली, अशी आख्यायिका. विहिरी आटत गेल्या हे खरे कारण, असे काही अभ्यासकांचे म्हणणे. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. आता तेथे भुते पाहावयास लोक येतात. मला भुते दिसली नाहीत. सरळ आखलेल्या गल्ल्या, छप्पर नसलेली घरे, आणि एक देऊळ दिसले. देऊळ आहे, आत देव नाही.

त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे सौ. बराच वेळ उभी राहिली. गोमंतकीय माणसाला असा गाभारा परका नाही. सोळाव्या शतकात फिरंग्यांच्या छळामुळे आमच्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार आणून अंत्रुजात लपविली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास गेला, आणि तेथे त्याचे देऊळ १६६८ साली शिवछत्रपतींनी उभारविले. देव पालखीत किंवा पाठीवर नेता येतो. तळी नेता येत नाही. सप्तकोटेश्वराची मूळ तळी दिवाडीवरच राहिली, ती अजून तेथे आहे. पालीवालही आपले देव घेऊन गेले. पाणी अडविण्याची त्यांची सारी कारागिरी मात्र मागे राहिली, आणि तिच्यावर आज दुसरे लोक जेवतात.

ही कारागिरी म्हणजे खडीन. उघड्या खडकाळ माळावरून वाहून येणारे पाणी सखल शेतात शिरते. शेताच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून ते अडवावयाचे. पावसाळाभर तेथे तळे. पाणी मुरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा. पुढे पाणी देणे नाही, मोट नाही. सात इंचांच्या पावसात गहू! परतीच्या वाटेवर मोटारवाल्याने अशा एका खडिनापाशी थांबविले. भोवती सारे पिवळे-करडे, आणि मध्ये गुडघाभर हिरवा गहू वाऱ्यावर हलत होता. बांधावर एक शेतकरी बसला होता. त्याने मडक्यातले पाणी आमच्या ओंजळीत घातले. ओंजळी त्याने आधी किंचित सरकवून घेतल्या, म्हणजे सांडेल ते शेजारच्या रोपाच्या मुळाशी पडावे.

त्याने आमचा मुलूख विचारला, आणि तिकडे पाऊस किती असेही विचारले. मी सव्वाशे इंच म्हणालो. मेहुण्यांनी तो आकडा त्याला बोटे मोडून समजावून सांगितला. तो थट्टा समजून हसला, मग थट्टा नव्हे हे पाहून गंभीर झाला आणि म्हणाला, “इतके ठेवता कोठे?”

आमच्या गावी देवळापुढे तळी आहे, पूर्वी तिच्यात देवाचा नौकाविहार होई, असे मी सांगितले. तिच्या काठी गाड्या उभ्या करण्यास जागा हवी म्हणून डोंगराकडून येणारा तिचा चर बुजवून वर फरशी घालावी, असा प्रस्ताव महाजनांच्या सभेपुढे आहे, हे सांगण्याचे माझ्या मनात नव्हते. पण त्याने हातातली काटकी वाळूवर टेकली, एक चौकोन काढला आणि मजकडे पाहून विचारले, “ही तुमची तळी. हिचा आगोर कोठल्या अंगाला?” मी उकिडवा बसून त्याला डोंगर, कुळागर आणि चर दाखवू लागलो.